कुंपणाचे खांब ठोकायचं मशीन: अंग वाचवायचं असेल तर कोणतं घ्यावं?

रानडुकरं, रोही आणि हरणं यांच्या पायी वावराला कुंपण करायचं ठरलं, की पुढचा प्रश्न येतो तो दोन-अडीचशे खांब जमिनीत घालणार कोण. कास्तकार मंडळी अवजार बँकेत, हार्डवेअरच्या दुकानात आणि धुऱ्यावर (वावराच्या बांधावर) उभी राहून जे विचारतात, तेच प्रश्न इथे घेतले आहेत. काही ठिकाणी उत्तर "मशीन घेऊ नका" असंही आहे.

आधी मशीन ठरवायचं की खांब?

खांब. त्यानंतर जमीन पाहायची आणि मशीन शेवटी. बहुतेक लोक मोबाईलवर व्हिडिओ पाहून हा क्रम उलटा करतात. मशीन घरी येतं आणि मग कळतं की आपले पोल त्या मशीनचे नाहीतच.

आमच्याकडे सिमेंटचे पोल आहेत. ते मशीनने ठोकता येतील का?

नाही. सिमेंटच्या पोलवर वरून ठोके बसले की डोकं फुटतं, नाहीतर मधेच आडवी चीर जाते. ती चीर त्या दिवशी दिसत नाही. पुढच्या पावसाळ्यात आतली सळई गंजून फुगते आणि सिमेंटची खपली निघते. सिमेंट पोलला खड्डाच लागतो, म्हणजे तुम्हाला ठोकायचं मशीन नको, खड्डे पाडायचं ऑगर हवं. चार बाय चार इंची पोलचा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा कर्ण साडेपाच इंचांच्या वर जातो, म्हणून आठ इंची बिट (ऑगरचं खोदायचं पातं) घ्या. खड्डा भरताना निघालेली काळी माती परत टाकू नका. मुरूम टाकून थर-थर करून सब्बलीने ठासा. काळी माती उन्हाळ्यात आकसते आणि पोल हलायला लागतो.

मग ठोकायच्या मशीनवर काय चालतं?

लोखंडी अँगल, जीआय पाईप, टी आकाराचे पोलादी खांब आणि टोक काढलेली लाकडी बल्ली. विदर्भात त्यातला अँगलच जास्त दिसतो, पस्तीस, चाळीस किंवा पन्नासचा. ४० बाय ४० बाय ५ मिलिमीटरचा अँगल मीटरला साधारण ३ किलो भरतो, म्हणजे आठ फुटांचा एक नग सव्वासात किलोच्या आसपास. हा आकडा लक्षात ठेवा, कारण दिवसभर तो उचलायचा तुम्हालाच आहे.

आमच्या बापजाद्यांनी घन आणि सब्बल यांवरच कुंपणं केली. आता मशीन कशाला?

त्यांच्या काळी बहुतेक कुंपण म्हणजे काट्याच्या फांद्या आणि चार बल्ल्या होत्या. आज पाच एकर चौकोनी वावराचा घेर ५७० मीटरच्या आसपास येतो. दहा-दहा फुटांवर खांब धरला तर १८७ खांब. वावर लांबट असलं, लांबी रुंदीच्या चौपट, तर तेवढ्याच पाच एकराला ७११ मीटर घेर आणि २३३ खांब लागतात. एका खांबावर घनाचे तीस-चाळीस घाव धरा आणि गुणाकार तुम्हीच करा.

घन मारताना कंबर वाकते आणि त्याच क्षणी पिळतेही. मणक्यांमधल्या गादीला हेच सोसत नाही. दुसरा धोका अँगल धरून बसलेल्या माणसाला. बहुतेक वेळा ती घरची बाई किंवा शाळेतला पोरगा असतो. घन निसटला तर तो त्यांच्या मनगटावर किंवा डोक्यावर येतो.

मात्र वीस-पंचवीस अँगलच ठोकायचे असतील तर मशीनच्या मागे लागू नका. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून तीन इंची जाड पाईपचा तुकडा घ्या. त्याचं एक तोंड जाड प्लेटने बंद करून दोन्ही बाजूंना लांब मुठी लावून घ्या. हा नळा अँगलवर चढवायचा आणि दोन्ही हातांनी वर-खाली करायचा. ठोका नळ्याच्या आतच बसतो, त्यामुळे घाव चुकायचा प्रश्न राहत नाही. धरायला दुसरं माणूस लागत नाही आणि कंबरही पिळत नाही. इतक्या कमी पैशात इतकं अंग वाचवणारी वस्तू मला तरी दुसरी माहीत नाही.

मशीन घेतलं म्हणजे अंग वाचलंच ना?

दुकानदार तसं सांगतो, पण अर्धंच खरं. मशीन घाव घालायचं काम आपल्या अंगावरून काढून घेतं. वजन उचलणं, थरथर आणि आवाज हे तीन त्रास मात्र राहतात, आणि मशीन निवडताना पाहायचं ते हेच.

वजनाचं पाहा. हातात धरायचं पेट्रोलचं मशीन साधारण १५ ते १८ किलोचं असतं. आठ फुटांचा अँगल उभा केला की त्याचं टोक तुमच्या डोक्याच्या वर जातं. म्हणजे दर खांबाला पंधरा-सोळा किलो डोक्यावर उचलून नेमकं त्या टोकावर बसवायचं. शंभर खांब झाले की संध्याकाळी हात वर करून सदरा काढता येत नाही. यावर सोपा उपाय आहे. अँगल जमिनीवर आडवा ठेवायचा, मशीन त्याच्या टोकावर आडवंच चढवायचं आणि दोघांनी मिळून दोन्ही एकदम उभं करायचं. टोक आधीच मारलेल्या लहान खड्ड्यात टेकवलं की सरकत नाही. ट्रॅक्टरची ट्रॉली धुऱ्याच्या कडेने चालवता येत असेल तर ट्रॉलीत उभं राहून मशीन बसवणं त्याहून बरं. स्टुलावर किंवा ड्रमवर चढून हे काम करू नका.

थरथर हा खरा चोर आहे, कारण दुखत नाही तोवर तो कळत नाही. रोज जास्त थरथर हातात गेली की बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा बिघडतात. आधी मुंग्या येतात. मग बटण लावताना बोटं साथ देत नाहीत आणि थंडीत बोटांची टोकं पांढरी पडतात. हे एकदा पक्कं झालं की पूर्ण बरं होत नाही. युरोपात यासाठी २००२ सालापासून कायदेशीर मर्यादा ठरलेली आहे. आठ तासांच्या हिशेबाने २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढी थरथर झाली की मालकाने उपाय सुरू करायचे, आणि ५ च्या वर जाऊच द्यायचं नाही.

आपल्या धुऱ्यावर त्याचा अर्थ असा. मशीनच्या पुस्तिकेत थरथरीचा आकडा १० लिहिला असेल, तर एका माणसाने दिवसात जास्तीत जास्त दोन तास मशीन चालू धरायचं. आकडा २० असेल तर दोन तास नाही, फक्त अर्धा तास! आकडा दुप्पट झाला की वेळ चौपट कमी होते, हे बहुतेकांना माहीत नसतं. इथे वेळ म्हणजे प्रत्यक्ष ठोके चालू असतानाची. एका खांबाला पाऊण मिनिट लागलं तर १८७ खांबांना दोन तास वीस मिनिटं होतात. म्हणजे आकडा १० असलेल्या मशीनवरही हे काम एकट्याचं एका दिवसाचं नाही. दोघांनी पाळीपाळीने करा किंवा दोन दिवसांत वाटा. पुस्तिकेत हा आकडाच दिलेला नसेल तर विक्रेत्याला विचारा. तो गोंधळला तर दुसरं दुकान पाहा.

आवाजाचं उत्तर पुढे हातमोज्यांच्या प्रश्नात आहे.

मशीनचे प्रकार कोणते आणि आमच्याकडे कोणतं बसेल?

*हातात धरायचं पेट्रोल मशीन.* कुठेही नेता येतं, वीज लागत नाही. फोर स्ट्रोक इंजिनचं घ्या. टू स्ट्रोकमध्ये ऑईल मिसळायची कटकट असते आणि धूरही जास्त. मशीन खांबाच्या डोक्यावर असतं, म्हणजे सायलेन्सर जवळपास तुमच्या तोंडासमोर येतो, हे विसरू नका. इंजिन गवत कापायच्या मशीनला असतं त्या जातीचं असेल तर तालुक्याचा मेकॅनिक ते उघडू शकतो. नाहीतर कार्ब्युरेटर बिघडला की नागपूर किंवा अकोल्याची वारी.

*विजेवरचा ब्रेकर.* रस्ता फोडायला वापरतात तोच, पुढे खांबाची टोपी लावून. मशीन ११ ते १६ किलोचं आणि १५०० ते १७०० वॅटचं, म्हणून सोबत तीन केव्हीएच्या आसपासचा जनरेटर लागतो. शेतीपंपाच्या लाईनच्या भरवशावर हे काम काढू नका, कारण ती येते तिच्या वेळेला. भाड्याने सहज मिळतो हा ब्रेकरचा मोठा फायदा. पण उंच अँगलवर तो अंगाला फार जड जातो. त्याची रचनाच जमिनीकडे तोंड करून चालवायची आहे. पाच फुटी अँगलला ठीक, आठ फुटीला नको.

*हवेवरचं मशीन.* हा पर्याय आपल्याकडे फार कमी लोकांच्या डोक्यात येतो, आणि मला तो विदर्भासाठी सगळ्यात पटतो. विहीर खोदताना सुरुंगाची भोकं पाडायला ट्रॅक्टरवर बसवलेला कॉम्प्रेसर येतो, तो गावोगावी माहीत आहे. त्याच कॉम्प्रेसरच्या नळीवर खांब ठोकायचं हवेचं मशीन चालतं. खांबाच्या डोक्यावर इंजिन नाही, धूर नाही. शिवाय जिथे खडक लागेल तिथे त्याच नळीला ड्रिल जोडून भोक पाडता येतं. अडचण एकच, धुऱ्याच्या कडेने ट्रॅक्टर फिरायला वाट हवी. हवेची गरज आणि कॉम्प्रेसरची क्षमता जुळते का, हे मशीन आणण्याआधी विचारून घ्या.

*ट्रॅक्टरच्या मागे जोडायचं मशीन.* मशीनच्या उंच चौकटीवरून खांबाच्या डोक्यावर जड वजन पडतं, चालवणारा लिव्हरजवळ उभा. हाताला थरथर पोचतच नाही, म्हणून अंगासाठी सगळ्यात चांगलं हेच. न्यूझीलंड आणि इंग्लंडकडे ते शेतोशेती दिसतं, आपल्याकडे अजून विरळ. एकट्या कास्तकाराने घ्यायची ही वस्तू नव्हे. गट असेल, ठेके घेणार असाल, तर विचार करा. यात बोटं जातात ती वजन आणि खांब यांच्या मधे, तेव्हा वजन वर असताना खांबाच्या टोकाला हात लावायचा नाही.

बॅटरीवरची मशीनंही निघाली आहेत. वावरात चार्जिंगची सोय होईपर्यंत थांबायला हरकत नाही.

मशीनच्या तोंडाचं माप कसं पाहायचं?

अँगल चाळीसचा म्हणून मशीनचं तोंड चाळीसचं असून चालत नाही. अँगल तिरपा मोजावा लागतो, एका पायाच्या टोकापासून दुसऱ्या पायाच्या टोकापर्यंत. चाळीसच्या अँगलला हे माप साधारण ५७ मिलिमीटर येतं आणि पन्नासच्या अँगलला ७१. दोन इंची जीआय पाईप बाहेरून ६० मिलिमीटर असतो. तोंड लहान असेल तर खांब शिरत नाही. फार मोठं असेल तर खांब आत खडखडतो, टोक चेपून फुलासारखं उमलतं आणि थरथर वाढते ती वेगळीच. योग्य मापाचा बूश, म्हणजे तोंडात बसवायची आतली नळी, सोबत घ्या. दुकानात जाताना अँगलचा हातभर तुकडा पिशवीत टाकून न्या आणि तिथेच घालून पाहा.

काळ्या जमिनीत कोणत्या महिन्यात ठोकावं?

वावर मोकळं होतं मार्च-एप्रिलनंतर, म्हणून सगळे कुंपण मे महिन्यात काढतात. तेव्हाच काळी जमीन दगडासारखी असते, हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात, आणि पारा पंचेचाळीसच्या घरात. मशीनला त्रास, माणसाला त्याहून जास्त. भेगेजवळ ठोकलेला अँगल पाऊस पडल्यावर माती फुगली की तिरका होतो.

पाऊस ओसरून चिखल वाळला, पण आत ओल आहे, अशी वेळ चांगली, म्हणजे ऑक्टोबरचा शेवट ते डिसेंबर. पऱ्हाटी आणि तूर उभी असते हे मान्य. पण खांब धुऱ्यावर जातात, पिकाच्या तासात (ओळीत) नाही. धुऱ्यालगतची एखादी ओळ तुडवली जाईल, तेवढं सोसा. याच दिवसांत ओल्या मातीत चाळीसचा अँगल मिनिटभरात दोन फूट जातो. उन्हाळ्यातच करणं भाग असेल तर आदल्या संध्याकाळी प्रत्येक खुणेवर सब्बलीने वीतभर भोक पाडून त्यात पाणी सोडा, आणि पहाटे काम सुरू करून दहाच्या आत बंद करा.

ऑगर वापरणाऱ्यांना हे उलटं पडतं. गच्च ओली काळी माती पात्याला चिकटून बसते आणि बिट स्क्रूसारखं खाली ओढलं जातं. मग ते उपसायला दोन माणसांची कंबर लागते. थोडं खोदा, बिट वर काढून माती झटका, पुन्हा खोदा.

आमची बरड जमीन आहे, फूटभरावर मुरूम आणि खाली खडक. मशीन फोडेल का?

मुरमात जाईल, हळू. काळ्या दगडात जाणार नाही, आणि जबरदस्ती केली तर अँगल वाकेल. दोन-तीन जागी आधी सब्बल मारून पाहा. खण्ण आवाज आला की तिथे कॉम्प्रेसरने भोक पाडून अँगल सिमेंटमध्ये बसवायचा. खांब फूटभर इकडे-तिकडे सरकवून दगड टळत असेल तर सरकवा, अंतर नेमकं दहा फूटच असलं पाहिजे असं काही नाही. पेट्रोलचं हाती धरायचं ऑगर मात्र दगडाळ जमिनीत एकट्याने चालवू नका. पातं दगडात अडकलं की बिट थांबतं आणि मशीनची मूठ गरकन फिरते. मनगट आणि बरगड्या तिथेच जातात.

अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात वेगळं काही?

मशीन तेच, खांब बदला. खारट जमिनीत साधा अँगल जमिनीच्या पातळीवर गंजून तुटतो, वरून रंग चांगला दिसत असला तरी. गरम जस्ताचं गॅल्व्हनायझिंग केलेला खांब घ्या. ठोकताना टोकावरचं जस्त उडतं, तिथे काम झाल्यावर जस्ताचा रंग मारायला विसरू नका.

खांब धरायला माणूस लागतोच ना?

सुरुवातीचे काही ठोके, हो. पण हाताने नाही. चार फुटांच्या दांड्याला पुढे इंग्रजी व्ही सारखी खाच करून घ्या आणि लांबून अँगल त्यात अडकवून धरा. अर्धा फूट खांब आत गेला की धरणाऱ्याने बाजूला व्हायचं.

जेसीबीच्या बकेटने अँगल दाबायची पद्धतही पडली आहे. ऑपरेटर चांगला असेल तर काम झपाझप होतं. पण बकेटखाली उभं राहून कुणी खांब धरत असेल तर ते काम तिथेच थांबवा. अँगल वाकून उसळला की ऑपरेटरला ब्रेक मारायलाही वेळ मिळत नाही.

थरथर थांबवणारे हातमोजे मिळतात म्हणे. घ्यावे का?

हातमोजे घाला, पण कापलं-खरचटलं जाऊ नये म्हणून. थरथर ते फारशी थांबवत नाहीत, तेव्हा मोजे घातले म्हणून जास्त वेळ चालवायचं गणित मांडू नका. मूठ गच्च आवळू नका. मशीन स्वतःच्या वजनाने काम करतं, वरून दाबलं की थरथर तेवढी तुमच्या खांद्यापर्यंत येते. आणि खर्रा-तंबाखू निदान कामाच्या वेळी बाजूला ठेवा. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि थरथरीने बिघडणाऱ्याही त्याच.

कानाचं मात्र कंजूषपण नको. लोखंडावर लोखंड आपटतं तेव्हा आवाज सहज शंभर डेसिबलला पोचतो. ८५ डेसिबलला आठ तास चालतात, तिथे १०० डेसिबलला कान उघडे ठेवून फक्त पंधरा मिनिटं सुरक्षित मानतात. कानात कापूस घालून काही होत नाही. इयरमफ घ्या, शेजारी उभ्या असलेल्यालाही द्या.

माझं कमरेचं ऑपरेशन झालंय. मी चालवू शकतो का?

हातात धरायचं मशीन नाही. कंबर, खांदा, हृदयाचा त्रास किंवा बोटांना आधीपासून मुंग्या येत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. ट्रॅक्टर चालवा, दोरी ओढून खुणा करा, तार ताणायचा हिशेब पाहा. कामाची कमी नाही.

कोपऱ्याचे खांबही मशीनने ठोकायचे का?

नको. सगळ्या तारांचा ताण कोपऱ्यावर आणि फाटकाच्या खांबांवर येतो. ते जाड घ्या, खड्डा खोदून काँक्रीटमध्ये बसवा आणि तिरपे टेकू द्या. काँक्रीट पक्कं होईपर्यंत तार ताणू नका.

झटका मशीन लावणार आहे. तरी एवढे खांब लागतील?

कमी लागतील आणि हलकेही चालतील, कारण तिथे तार जनावराला अडवत नाही, झटका अडवतो. अंगाचे कष्ट कमी करायचे असतील तर हाही एक रस्ता आहे. सौर ऊर्जेवरचं, सेकंदाला एखादा क्षणिक झटका देणारं प्रमाणित यंत्रच लावा. पंपाच्या लाईनवरून थेट करंट तारेत सोडणं हा गुन्हा आहे. त्यात वाघ मेले, माणसंही मेली, आणि बरेचदा ती त्याच घरातली होती.

विकत घ्यावं की भाड्याने?

एकाच वावराचं काम असेल तर भाड्याने. कुंपण एकदा झालं की मशीन खोलीत पडून राहतं, पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये सुकतं आणि दोन वर्षांनी ते चालू होत नाही. पाच-सात घरांचं मिळून काम असेल तर गटाने घ्या. ट्रॅक्टरवरच्या खड्डे खोदायच्या यंत्राला अनुदान आहे का, ते महाडीबीटी या सरकारी अनुदानाच्या पोर्टलवरच्या चालू यादीत पाहून मगच पावती फाडा. आणि हे यंत्र घेतलंच तर लक्षात ठेवा, पीटीओचा शाफ्ट (ट्रॅक्टरच्या मागून यंत्राला ताकद देणारा फिरता दांडा) मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला नऊ फेरे घेतो. गळ्यातला दुपट्टा, पदर, सुटी बाही काहीही त्याच्याजवळ नको, आणि शाफ्टवरचं कव्हर काढायचं नाही.

सुरू करण्याआधी आणखी काय पाहायचं?

मोजणी. धुऱ्यावरून वाद असेल तर भूमी अभिलेखची मोजणी होऊन हद्दीच्या खुणा पडेपर्यंत एकही खांब ठोकू नका. ठोकलेला खांब उपटणं हे ठोकण्याहून जास्त कंबरमोड आहे, आणि शेजाऱ्याशी संबंध तुटतात ते वेगळेच. पांदण रस्त्याची रुंदी सोडा. जमिनीखाली ठिबकची मेनलाइन किंवा पंपाची केबल कुठून गेली हे घरातल्या ज्याने ती टाकली त्याला सोबत आणून विचारा. वर मान करूनही पाहा. विजेची तार लोंबत असेल तर तिच्याखाली आठ फुटी अँगल उभा करायचा नाही, ती जागा लाईनमनला दाखवून मगच धरायची.